शंभराचा आकडा

कचेरीत त्याला सगळे ‘मीटर’ म्हणत. ग्राहकाकडे जाऊन इंटरनेटच्या भाड्याच्या लाइनचा वेग मोजायचा, आकडा कागदावर लिहायचा, खाली सही घ्यायची. बावीस वर्षं हेच काम. आकडा नेहमी जाहिरातीतलाच भरे, कारण मोजणी कंपनीच्या स्वतःच्या केंद्रापर्यंतच व्हायची. खरी गर्दी त्याच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर. ग्राहकानं विचारलं नाही तर ते सांगायचं नाही, अशी रीत. “अंगणात धावायचं आणि शर्यत जिंकली म्हणायचं,” असं डबा खाताना तोच म्हणायचा, आणि सगळ्यांबरोबर हसायचा.

मोठ्या बहिणीच्या दोन खोल्यांत छपाईसाठी पुस्तकांची पानं संगणकावर लावली जात. तिनं शंभर एमबीपीएसची लाइन घेतली ती त्याच्या शब्दावर. सहा महिन्यांत त्याला हे तिसरं बोलावणं.

तो आत शिरला तर चष्मेवाली दाराशीच उभी. अकरा वर्षं इथे पानं लावणारी. खुर्चीवरची तिची उशी आता बगलेत होती.

“बरं झालं आलास,” ताई म्हणाली. “हिला एकदा दाखव मोजून. छापखान्यात चित्रांची पानं चारला पोचायला हवीत, तर सहा वाजतात. म्हणे लाइन मंद आहे. मी म्हणते, बाई गं, तुझा हात मंद झालाय. उद्यापासून दुसरी येतेय.”

“मी तीनलाच पाठवते हो,” चष्मेवाली म्हणाली. “पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर जाते आणि म्हशीसारखी बसते.”

“ऐकलंस? आता लाइनीत म्हैस!”

त्यानं यंत्र जोडलं. ब्याण्णव. सत्त्याण्णव. शंभर.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” ताईनं पडद्यावर बोट ठेवलं. “माझा पाठचा भाऊ आहे. खोटं सांगेल का?”

चष्मेवालीनं वाकून आकडा पाहिला. मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिली. “असेल मग,” ती म्हणाली. “डोळ्यांमुळेच होत असेल माझ्याकडून.”

त्याचे कान तापले. सहीचा कागद पुढे सरकवायचा, की सुटला. हात कागदापर्यंत गेलाही.

“थांबा,” तो म्हणाला. त्यानं यंत्राला बाहेरगावच्या एका संगणकापर्यंतचा वेग मोजायला लावला. आकडा रखडत वर चढला. एकोणीस. तिथेच बसला.

“हे काय?” ताईनं विचारलं.

“छापखान्याकडे जाताना एवढाच मिळतो. शंभर फक्त आमच्या केंद्रापर्यंत.”

“म्हणजे आज बिघडलीय?” ताईच्या आवाजात आशा होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“नाही. पहिल्यापासून.”

“आणि मागे दोनदा मोजलंस तेव्हा?”

“माहीत होतं.”

ताईनं चष्मेवालीच्या बगलेतली उशी ओढून घेतली, दोन थापा मारल्या, खुर्चीवर ठेवली. “बस गं,” म्हणाली.

त्यानं कागदावर एकोणीस लिहिलं. त्या रकान्यात इतका लहान आकडा त्यानं कधी लिहिला नव्हता.

ताईनं पेन उघडलं. शाळेत जाताना त्याच्या बुटांच्या नाड्या हिनंच बांधलेल्या.

“सही कुठे करू, साहेब?”

“ताई, अगं...”

“तुम्ही दाखवाल तिथे करते,” ती म्हणाली. “आजवर तशीच केली.”