ऊन कमी पडलं

सूर्याला नोकरीवर ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. छापखान्यांना चित्रांचे ब्लॉक करून द्यायचा त्यांचा धंदा, म्हणून अख्खी चाळ त्यांना ब्लॉकवालेच म्हणे. सकाळी गॅलरीत येऊन ते आभाळाकडे असे बघत, जसा मुकादम उशिरा आलेल्या कामगाराकडे बघतो. ढग असले की आत वहिनींना ऐकू जाईल असं म्हणत, 'आज पुन्हा दांडी.' घराच्या खिडक्यांना त्यांनी पिवळा कागद डकवला होता, कारण त्यांच्या मसाल्याला पिवळा उजेड बाधत नसे. एकदा कोकणातून त्यांचे मेव्हणे आले, त्या उजेडात ब्लॉकवाल्यांचं तोंड बघून हबकले आणि कुणाला काही न विचारता कावीळ उतरवणाऱ्या वैदूला घेऊन आले. वैदूने आत पाऊल टाकलं आणि आधी मेव्हण्यांचेच डोळे तपासले.

मसाला म्हणजे सरस. त्यात बायक्रोमेट नावाचं नारिंगी मीठ कालवायचं, काचेवर पातळ थर द्यायचा, वर फिल्म ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलं तिथला सरस घट्ट होतो, बाकीचा पाण्यात वाहून जातो आणि काचेवर चित्र उरतं. एवढ्या गोष्टीवर हा गृहस्थ असा लुब्ध होता, की लग्नाच्या पंगतीत जिलबीवाल्याला थांबवून ती समजावून सांगे. मला म्हणत, 'सरस विसरत नाही रे. एकदा ऊन बघितलं की बघितलं.' मग चित्र राहतं तर अक्षरं का नाही? आणि अक्षरं बारीक करता येतात तर पुस्तकच्या पुस्तक का नाही? दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सगळं गिरगाव 'मुंबई आमची' म्हणून घसा फोडत होतं आणि हे शांतपणे म्हणत, 'आणा इकडे, काचेवर मावते.'

तळमजल्यावर आमचं वाचनालय होतं. संध्याकाळी तिथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जाई, मोर्च्याच्या बातमीवर वाद पेटत आणि गर्दी जिन्यापर्यंत येई. चाळीच्या मालकाला ती खोली गोदामासाठी हवी होती. इकडे ब्लॉकवाल्यांनी मजल्यामजल्यावर जाहीर केलेलं, की वाचनालयातलं सगळ्यात जाड पुस्तक पोस्टकार्डाएवढ्या काचेवर उतरवतो, मग हळूहळू कपाटंही उतरवतो. मालकाच्या कानावर ते गेलंच. तो आला आणि गोड हसून म्हणाला, 'मग काच खिशात ठेवा की, ब्लॉकवाले. खोली कशाला अडवता? रविवारी सगळ्यांसमोर दाखवा. जमलं तर खोली माझी.'

आणि आम्ही कबूल झालो. गिरगावात फुकटचा खेळ म्हटला की माणूस आधी बसायला जागा धरतो, विचार मागून करतो. वाचनालयाच्या चिटणिसांना विचार सुचला तोवर मालक नाक्यापर्यंत पोचला होता.

रविवारी दिवे मालवले. ब्लॉकवाल्यांनी काच जादूच्या कंदिलात सरकवली आणि भिंतीवर उजेड पाडला. उजेडच पडला. स्वच्छ, पांढरा, एक काना नाही की मात्रा नाही. मग जो हशा उसळला त्यात सर्वांत मोठा आवाज मालकाचा. पोट धरून तो निघून गेला आणि खोली आम्हाला राहिली. ब्लॉकवाले काच पुसत एवढंच म्हणाले, 'ऊन कमी पडलं.' ऐन वैशाख होता. चाळीचे पत्रे तापून तडतडत होते. पण हसण्याच्या भरात ते कुणाला सुचलं नाही. पुढे आयुष्यभर ते वाचनालयात शिरले की कोणीतरी विचारायचंच, 'काय, आज ऊन पुरलं का?' तेही हसून पेपर उघडायचे.

ते गेल्यानंतर परवा वहिनींना भेटायला गेलो. लोणच्याच्या बरणीवर झाकणाऐवजी काच होती. दोन काचा जोडून कडेने काळी पट्टी लावलेली, मध्ये लालसर ठिपक्यांच्या रांगा. मी ती खिडकीशी धरली. वहिनींनी ब्लॉकवाल्यांचं भिंग पुढे केलं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पान होतं. ओळी, वेलांट्या, शेवटच्या पानावरचा वाचनालयाचा शिक्कासुद्धा.

'त्या रविवारी नेली ती नुसती धुतलेली काच,' वहिनी म्हणाल्या. 'ही मला दिली आणि म्हणाले, वाचनालयाला खोली आहे तोवर कोणाला दाखवू नकोस.'

खालून कोणीतरी पेपर मोठ्याने वाचत असल्याचा आवाज येत होता. मी काच पुन्हा बरणीवर ठेवली.