करंट बंतु

मंगळवार, मार्चचा दुसरा आठवडा, सकाळी नऊ चाळीस. जागा: महादेवपुऱ्यातला आमचा लाकडी दारांचा कारखाना, मागची शेड, धूळ ओढणारा पंखा क्रमांक एक. हजर: मी, देखभाल विभागाची प्रमुख; अण्णा, कारखान्यातले सर्वांत जुने फिटर; अक्का, पॅनलरूमच्या ऑपरेटर. गैरहजर: कोणी नाही.

माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे. शेवटची नोंद चुकीची आहे. कुलूप गैरहजर होतं.

मला याद्यांची सवय आहे. घरी किराण्याची, गाडीच्या सर्व्हिसिंगची, पाहुण्यांच्या अंथरुणांची. कारखान्यात प्रत्येक यंत्राची. पंखा उघडून तपासायचा असेल तर माझ्या यादीत अकरा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. काम झालं की बरोबरची खूण. ती खूण करताना मला जो आनंद होतो तो घरच्यांना हास्यास्पद वाटतो. वाटो.

पंखा म्हटलं की लोकांना छतावरचा दिसतो. आमचा तसा नाही. गोगलगाईच्या शंखासारखं पत्र्याचं मोठं घर, आत माणसाच्या छातीएवढं उंच पात्यांचं चाक. हे चाक मधून हवा ओढतं आणि परिघाकडून बाहेर फेकतं. करवती आणि रंधायंत्रांवरचा सगळा भुसा हीच हवा वाहून नेते. असे दोन पंखे शेजारी शेजारी, एकाच मोठ्या नळाला जोडलेले. एक चालतो, एक राखीव. त्यातला पहिला आठवडाभर थरथरत होता.

थरथर पहिल्यांदा ओळखली अण्णांनी. ते पंख्याजवळून जाताना बेअरिंगच्या घराला हाताची मागची बाजू लावतात. तळहात नाही, कारण चटका बसला तर हात आपोआप मागे यावा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला. डोळे मिटतात. आमच्याकडे कंपन मोजायचं उपकरण आहे, मीच मागवलेलं. ते आकडा दाखवतं. अण्णा सांगतात, "बेअरिंग चांगला आहे मॅडम. चाकच जड झालंय, एका बाजूला." आकडा आणि अण्णा यांच्यात फरक पडला तर मी आधी उपकरण तपासायला पाठवते.

एकदा मोटर दुरुस्त होऊन आली आणि वायरमनने दोन तारा अदलाबदल करून जोडल्या. पंखा उलटा फिरू लागला. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा पुढेच फेकतो, फक्त कमी. त्यामुळे कुणाला कळलं नाही. दोन दिवस सगळे म्हणत होते, फिल्टर तुंबला असेल. अण्णा रजेवरून आले, पत्र्यावर रंगवलेल्या बाणाकडे पाहिलं, मोटर बंद करायला लावली आणि थांबत आलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "बाण हिकडं, पंखा तिकडं. दोघांचं भांडण झालंय काय?"

अण्णांचं मराठी असं. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की वेगळं काढता येत नाही. मी मिरजेची, लग्नानंतर इथे आले, त्याला वीस वर्षं झाली. राहते इंदिरानगरला, कामावर हिंदी बोलते, घरी मराठी. कन्नडमधलं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, एवढं रिक्षापुरतं येतं. आणखी एक बदल माझ्यात झाला: मी 'लाइट गेली' म्हणायचं सोडून इथल्यासारखं 'करंट गेला' म्हणू लागले.

त्या मंगळवारी करंट गेला. सगळा कारखाना गप्प झाला. पहिला पंखा हळूहळू फिरत थांबला. मी विचार केला, आयती संधी आहे, तपासणीचं झाकण उघडून आत डोकावू. वॉकी-टॉकीवर अक्कांना म्हटलं, "एक नंबर का करंट बंद करके बताइए." अण्णा लाकडी पाचर आणायला स्टोअरकडे गेले. मी पान्याने झाकणाच्या चार नटांपैकी पहिला सैल करायला घेतला.

थोड्या वेळाने वॉकी-टॉकी खरखरला. "करंट बंतु, मॅडम!"

मी ऐकलं, करंट बंद. यादीतल्या चौथ्या, 'करंट बंद' या ओळीपुढे खूण केली. दुसरा नट काढला.

पाचवी ओळ कुलपाची होती. ब्रेकरला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. पॅनलरूम चाळीस पावलांवर. मी ती ओळ ओलांडली. नुसतं डोकावायचं तर होतं. ही सबब मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली असती तर त्याला तासभर सुनावलं असतं.

अण्णा पाचर घेऊन आले. माझ्या हातात पाना, झाकण एका बाजूने उचकटलेलं, माझी बोटं फटीत.

"कुलूप कुठंय मॅडम?"

"अक्का म्हणाल्या ना, करंट बंद."

"बंद म्हणाली, का बंतु म्हणाली?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांना मात्र उत्तर कळलं होतं; स्टोअरमधला दिवा पेटलेला ते पाहून आले होते. "अगे, मागं सर!" ते ओरडले आणि माझा खांदा धरून ओढलं.

मोटर गुणगुणली आणि पंखा सुरू झाला. सैल झाकण खडखडू लागलं, फटीतून भुशाचा लोट माझ्या तोंडावर आला, पाना खाली पडला. अण्णांनी खांबावरचं लाल बटण तळहाताने दाबलं. चाक फिरत राहिलं, मग मंदावलं. माझी दहाही बोटं मी मोजली, खरोखर मोजली, एकेक करून.

कन्नडमध्ये 'बंतु' म्हणजे आला. करंट आला. वॉकी-टॉकीवर माझं वाक्य तुटकं पोहोचलं होतं. अक्कांना ऐकू आलं, "करंट... बताइए." त्यांना वाटलं, मॅडमना करंट आल्यावर कळवायचंय. करंट आला, त्यांनी उत्साहाने कळवलं. आणि करंट आला की दोन मिनिटांनी चालता पंखा आपोआप सुरू होतो, कारण दर वेळी पॅनलवर धावायला नको म्हणून तसा टायमर बसवून घेतलाय. बसवून घेतला मीच. त्याच्याही ओळीपुढे खूण आहे.

मग अण्णांनी मला हाताला धरून पॅनलरूममध्ये नेलं. ब्रेकर खाली ओढला. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेलं लाल रंग दिलेलं पितळी कुलूप काढून लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं. अक्कांना सांगितलं, "स्टार्ट दाबून पाहा." त्यांनी दाबलं. काही झालं नाही. अण्णांनी परत दाबायला लावलं.

अक्कांचा चेहरा उतरला होता. मी सांगितलं, चूक माझी आहे. तेव्हा त्यांना धीर आला आणि लगेच टोमणाही सुचला. "इप्पत्तु वर्ष आयतु मॅडम, इन्नू कन्नड बरल्वा?" वीस वर्षं झाली, अजून कन्नड येत नाही?

"येतं तिला," अण्णा म्हणाले, "स्वल्प."

आम्ही पंख्याकडे परतलो. तोवर दोन नंबरचा पंखा चालू केला होता आणि बंद असलेल्या एक नंबरचं चाक आपणहून सावकाश फिरत होतं, कारण सामाईक नळातून हवा खेचली जात होती. वीज तोडली तरी चाक फिरतं ते असं. अण्णांनी दोघांमधली झडप घट्ट केली, चाक थांबू दिलं, मग पाचर ठोकून जखडलं. आणि मग झाकण उघडलं. पात्यांवर भुसा आणि डिंक यांची खपली एका बाजूला जास्त जमली होती, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण खपली खरवडल्यावर एका पात्याच्या मुळाशी, जोडाजवळ, बोटभर लांब भेग दिसली. थरथरीत ती वाढत गेली असणार. पातं तुटलं असतं तर पत्रा फाडून बाहेर आलं असतं.

"हे चाक आता चालवायचं नाही," अण्णा म्हणाले. "वेल्डिंग करून जमवू, असं कुणी म्हटलं तरी नाही."

नवं चाक कोइमतूरहून मागवलं. दीड महिना लागेल असं कळलं. तोवर अण्णांचं लाल कुलूप ब्रेकरवर.

त्या संध्याकाळी मी यादी पुन्हा लिहायला बसले. आधी ठरवलं होतं की तिन्ही भाषांत चुकणार नाही असा एक शब्द शोधायचा. अण्णा डबा धुऊन निघाले होते, दारात थांबले.

"शब्द कशाला मॅडम? कोण काय म्हणालं ते सोडा. किल्ली कुणाचे खिशात आहे ते विचारा."

चौथी ओळ मी खोडली. आता तिथे आहे: किल्ली माझ्या खिशात आहे का? आत हात घालणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं, दुसऱ्याच्या भरवशावर नाही. टायमर काढून टाकला. अक्कांनी त्याचं श्रेय घेतलं, ते घेऊ दिलं.

जाता जाता अण्णा अवघडून म्हणाले, "सकाळी मी तुमाला एकेरी बोललो. मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, "तेवढ्या वेळात 'तुम्ही' म्हणत बसला असतात तर?"

ते हसले. मग म्हणाले, "लांब शब्द आहे तो."

अण्णा महिनाअखेरीस निवृत्त झाले. चाक आलेलं नव्हतं. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं, हा नियम त्यांचाच. म्हणून शेवटच्या दिवशी समारंभाआधी आम्ही तिघं पॅनलरूममध्ये गेलो. आधी मी माझं कुलूप लावलं, निळं, नवंकोरं. मगच त्यांनी त्यांचं काढलं. अक्कांनी न सांगता स्टार्ट दोनदा दाबून पाहिलं. लाल कुलूप मी त्यांना घरी नेऊ दिलं. स्टोअरच्या नोंदीत ते कुठे दाखवायचं ते माझं मी पाहीन.

"चाक आलं की फोन करा," ते म्हणाले. "बसवताना मी येतो. पट्ट्याची रेघ सुतळी धरून मीच बघणार, तुमच्या उपकरणानं नाही. फोनवर नुसतं 'बंतु' म्हणा, मला कळेल. तुमचा उच्चार पण तपासून होईल."

चाक अजून आलेलं नाही. किल्ली माझ्या खिशात आहे, घरी गेल्यावर ती मी देवघरातल्या वाटीत ठेवते आणि सकाळी निघताना उचलते. वहीत त्या पंख्याच्या पानावर एवढ्याच ओळींपुढचे चौकोन रिकामे आहेत: चाक बसवणे, आतले सगळे बाहेर आले का ते मोजणे, निळं कुलूप मी स्वतः काढणे. आणि त्या सगळ्यांच्या वर, नंतर दाटीवाटीने लिहिलेली एक: अण्णांना फोन.