सिंधुबाईचे चार फूट

केजच्या बसस्टँडामागच्या गल्लीत 'बन्सी मोटार रिवायंडिंग' अशी पाटी आहे. पाटीवरचा बन्सी जाऊन अकरा वर्षं झाली. आत बसते ती त्याची बायको, सिंधुबाई. आणि खरं सांगायचं तर बन्सी होता तेव्हासुद्धा निम्म्या मोटारींत तांब्याची तार तीच भरायची. बन्सी गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यात पटाईत, हिचा हात तारेवर. जळालेली मोटार उघडून नाकाशी नेली की ती कशानं जळाली ते सिंधुबाई सांगायची. कोरडी चालली, की विजेचा दाब कमी पडला, की मालक झाडाखाली झोपून राहिला, हे तिला वासावरून कळायचं. झोपलेल्या मालकाला ते तोंडावर सांगायलाही ती कचरत नसे.

दुष्काळ हा रिवायंडिंगवाल्याला आधी हसवतो आणि मग रडवतो. पहिल्या वर्षी विहिरी आटतात, मोटारी कोरड्या चालून जळतात, दुकानापुढं ढीग लागतो. दुसऱ्या वर्षी ढीग निम्मा होतो. तिसऱ्या वर्षी कुणी फिरकतच नाही, कारण मोटार जळायलासुद्धा आधी थोडं पाणी लागतं. दोन हजार सोळा हे तिसरं वर्ष होतं. सिंधुबाई सकाळी दुकान उघडायची, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायची आणि रिकाम्या हातांनी बसायची. रिकामं बसणं हा प्रकार तिला आयुष्यात कधी जमलेला नव्हता.

गावात त्या वेळी एक मंडळ होतं. नाव 'केज छोटी रेल्वे सहकारी मंडळ'. नवख्या माणसाला ही चेष्टाच वाटायची, कारण केजला मोठी रेल्वेसुद्धा नाही. रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे बीड जिल्ह्यातल्या माणसानं पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. तेव्हा तीन माणसांनी ठरवलं, की मोठी येईल तेव्हा येईल, तोवर आपली आपण करू. चेअरमन सुंदरराव, चाळीस एकरांचे मालक आणि साखर कारखान्यातले सुपरवायझर. ऊसच उरला नाही म्हणून कारखाना दोन हंगाम बंद होता आणि सुपरवायझर घरात बसून सुनांना सुपरवायझरी दाखवत होते. सेक्रेटरी राधाकिशन, निवृत्त पोस्टमास्तर. तिसरा सुग्रीव, एसटीच्या वर्कशॉपात पत्रेकाम करणारा. चेअरमन आणि सेक्रेटरी ठरल्यावर एकटा सुग्रीव उरला, म्हणून तोच संचालक मंडळ झाला. नोंदणी कुठंच नव्हती. पण सोसायट्यांच्या मुलखात वाढलेली माणसं ती, ठराव आणि अनुमोदन झाल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागायचा नाही.

सोसायटीचं खताचं गोदाम दुष्काळानं रिकामं पडलेलं. तिथं त्यांनी प्लायवूडचं भलंमोठं टेबल मांडलं आणि त्यावर लोखंडी पट्ट्यांचा गोल रूळ टाकला. मोटरसायकलच्या बॅटरीतून करंट रुळात जायचा, रुळातून इंजिनाच्या चाकात आणि चाकातून पोटातल्या मोटारीत. या मंडळाचा शेअर पैशात नव्हता. शेअर म्हणजे टेबलाचे चार फूट. सभासद झालं की चार फूट तुमचे. तिथं तुम्ही तुमचं गाव वसवायचं, तिथला रूळ तुम्ही राखायचा, आणि तुमच्या परवानगीवाचून दुसऱ्यानं त्याला बोट लावायचं नाही. सुंदररावांच्या चार फुटांत धुराड्यासकट साखर कारखाना होता आणि त्याला वळसा घालणारं अवघड वळण. राधाकिशनच्या जागेत काड्यापेटीच्या काड्यांचं स्टेशन. सुग्रीवनं पूल बांधला होता आणि सवयीनं पुलाखाली एक लाल एसटी उभी केली होती. बाकी टेबल मोकळं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं आपण काय बनवतोय ते दाखवायचं. त्यालाही रीत होती. नेकनूरच्या बैलबाजारात सचोटीचा माणूस बैल विकताना आधी त्याची खोड सांगतो. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. लपवलेली खोड मागून निघाली तर बैल परत येतो आणि माणसाचा शब्दही जातो. मंडळात तसंच चालायचं. कौतुक मागून, आधी खोड, आणि तीही ज्यानं बनवलं त्याच्याच तोंडून. राधाकिशन म्हणायचे, माझ्या सिग्नलचा हात पडतो पण उठत नाही, माझ्या गुडघ्यासारखा. सुग्रीव सांगायचा, तिसऱ्या डब्याचं चाक लंगडतं. एवढं झालं की मग तासभर कौतुकाला मोकळीक. ते कौतुक मात्र तिघंही पोटभर करून घ्यायचे.

सिंधुबाई त्यांच्यात आली ती कामानं. टेपरेकॉर्डरमधली एक जळालेली मोटार घेऊन राधाकिशन दुकानात आले. लिंबाएवढी मोटार बघून ती आधी हसली, मग भिंग लावून बसली आणि दोन दिवसांनी तिनं ती फिरवून दाखवली. तिथून पुढं मंडळाची प्रत्येक मोटार तिच्याकडंच येऊ लागली. मोटार द्यायला ती गोदामात जायची आणि पोत्यावर बसून गाडी बघायची. चहा मिळायचा, मान मिळायचा. पण टेबलापाशी जागा मिळायची नाही.

एकदा तिनं सरळ विचारलं, मला सभासद करून घेता का. सुंदरराव वाईट माणूस नव्हते, पण आपला शब्द शेवटचा असतो या समजुतीत त्यांची साठ वर्षं गेली होती. दुरुस्ती वेगळी आणि बनवणं वेगळं, असं ते म्हणाले. स्वतः बनवलेलं इंजिन आण, बारा डबे लावून तीन फेरे मार, न थांबता, मग बोलू. थांबलं तर पुढच्या वर्षी.

सिंधुबाईनं ते मनाला लावून घेतलं. कारण फक्त खेळण्याचं नव्हतं. तिचा सासरा आश्रुबा याच सुंदररावांच्या वडिलांकडं एकोणीस वर्षं सालगडी होता. माहेरी काय आणि सासरी काय, सात-बाऱ्यावर कुणाचं नाव कधी चढलं नव्हतं. राहतं घर होतं, दुकान भाड्याचं होतं, पण 'हा एवढा तुकडा माझा' असं जमिनीकडं बोट दाखवून म्हणण्यासारखं काही नव्हतं. प्लायवूडचे का असेनात, तिला ते चार फूट हवे होते. हवे होते म्हणजे हवेच होते, त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

तिनं चार महिने घेतले. कूलरच्या जुन्या मोटारीतली बारीक तार उलगडली आणि तिचे वेढे हातानं मोजून भरले. पहिली मोटार तापली, ती फेकली. दुसरी नीट फिरायची पण ओढायची नाही, तीही फेकली. तिसरीला तिनं स्वतःची शपथ घातली. चाकं बंद पडलेल्या शिलाई मशीनमधली, अंग पितळेच्या पत्र्याचं. इंजिन तयार झालं तेव्हा तिनं त्याला वीट बांधून दुकानाच्या फरशीवर ओढायला लावलं. त्यानं वीट ओढली. सिंधुबाई एकटीच होती, तरी तिनं पदर सावरून चारी बाजूंना बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. असलं काम कुणी पाहू नये म्हणजे काय?

एप्रिल उजाडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याची चर्चा चहाच्या प्रत्येक टपरीवर. सुग्रीवनं लगेच तेलाच्या डब्यांच्या पत्र्यातून पाण्याच्या बारा टाक्या बनवल्या, रेल्वेच्या खऱ्या वाघिणींसारख्या गोल. आता सुंदररावांनी अट वाढवली. टाक्या रिकाम्या नकोत, भरून ओढायच्या. सिंधुबाई हो म्हणाली. टँकरच्या पाण्यातला स्वतःच्या वाट्याचा तांब्या घेऊन ती आली आणि एकही थेंब न सांडता तिनं बारा टाक्या भरल्या. मागून ते पाणी दाराबाहेरच्या कोंबड्यांना घालायचं, हेही तिनं आधीच सांगून टाकलं.

जयंती होऊन दहा दिवस झाले होते, गल्लीत निळ्या पताका अजून होत्या. गोदामात पंधरा-वीस माणसं जमली होती, तहसीलमधले दोघंसुद्धा आले होते. राधाकिशननी रीतीप्रमाणं विचारलं, इंजिनाची खोड काय?

"ह्ये उलटं जात न्हाई," सिंधुबाई म्हणाली. "पुढंच जातं. मागं न्यायचं तर उचलून न्यावं लागतं."

लोक हसले, तीही हसली. बॅटरी जोडली. पाण्यानं भरलेल्या बारा टाक्या घेऊन इंजिन हललं, स्टेशनातून निघालं, सुग्रीवच्या पुलावरून खडखडत गेलं, मोकळ्या टेबलावरून धावलं, कारखान्याच्या वळणात शिरलं आणि थांबलं. पहिलाच फेरा, आणि तोही पुरा नाही.

सुंदररावांनी मान हलवली. आवाजात कीवही होती, आणि कीव तिला शिवीपेक्षा वाईट लागली. "बाई, गाडी जड झाली. दम न्हाई मोटारीत. पुढल्या साली बघू."

सिंधुबाईनं मनात हिशेब केला. चार महिने, तीन मोटारी. पण हात तिचे कारागिराचे होते, ते रडायला बसले नाहीत. तिनं इंजिन उचलून नाकाशी नेलं. जळका वास नाही. हात लावला, गरम नाही. आणि गाडी थांबतानाचा आवाज तिला आठवला. दम नसलेली मोटार थांबायच्या आधी कण्हते, घरघरते. ही कण्हली नव्हती. बटण बंद केल्यासारखी एकदम मुकी झाली होती. म्हणजे खोट तिच्या मोटारीत नव्हती, करंट पोचतच नव्हता.

तिनं खाली रुळाकडं बघितलं. बाकीचा रूळ काळपट, वापरातला. कारखान्याच्या वळणावरचा मात्र चांदीसारखा चकाकत होता. तीस वर्षं तिनं तांब्याची तार हाताळली होती. वार्निश लावलेली तार तांब्यासारखीच चकाकते, पण ब्लेडनं टोक खरवडल्याशिवाय जोड दिला तर मोटार मेल्यासारखी पडून राहते. चकाकतं त्यातून करंट जातोच असं नाही. कारखान्यात हंगाम सुरू व्हायच्या आधी, पहिली मोळी टाकायच्या दिवशी, सगळ्या यंत्रांना सिल्व्हरचा रंग मारतात, हे तिलाही ठाऊक होतं आणि गावालाही. पाहुणे येणार म्हणून सुपरवायझरचा हात आवरला नव्हता.

तिच्या पिशवीत ब्लेड होतं. पण ते चार फूट सुंदररावांचे होते, आणि तिथं बोट लावायचं नाही हा नियम तिला सभासदांपेक्षा जास्त पाठ होता.

"चेअरमनसाहेब," ती म्हणाली, "तुमचं इंजन लावा एकदा. मोकळंच लावा, डबे नगं."

सुंदररावांचं इंजिन विकत आणलेलं होतं, मुंबईचं, मंडळाचा दागिना. ते एकटंच डौलात निघालं, पूल ओलांडून वळणात शिरलं आणि बरोबर त्याच जागी थांबलं. सिंधुबाईनं पिशवीतून ब्लेड काढलं आणि टेबलाच्या कडेला, सुंदररावांच्या हाताशी ठेवलं. खोड ज्याची त्यानं सांगायची, ही रीत त्यांचीच होती.

सुंदररावांनी रुळावरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. चाळीस एकरांच्या माणसाला वीस माणसांत असं बोलायची वेळ आयुष्यात आली नव्हती. सुग्रीव दुसरीकडं बघू लागला, राधाकिशन चष्मा पुसत राहिले.

"माझ्या रुळाची खोड," ते शेवटी म्हणाले. "सकाळी रंग दिलता मी. पाव्हणे येणार म्हणून. रंगातून करंट जात न्हाई ह्ये ध्यानातच आलं न्हाई, आन् रंग दिल्याचंबी बोललो न्हाई. इंजनाचा दोष न्हाई."

मग त्यांनी ब्लेड उचललं आणि स्वतः वाकून वळणाचा रूळ खरवडला. चांगली दहा मिनिटं लागली. कुणी मदतीला गेलं नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चूक कबूल करून लगेच दुसऱ्याच्या हातात ब्लेड देणारे चेअरमन आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

सिंधुबाईनं गाडी पुन्हा पहिल्यापासून लावली. बाराच्या बारा टाक्या भरलेल्या. पहिला फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्या फेऱ्याला वळणात शिरताना तिनं डोळे मिटले नाहीत, उलट वाकून अगदी जवळून बघितलं. पितळेचं इंजिन कारखान्याला वळसा घालून बाहेर पडलं आणि स्टेशनात येऊन उभं राहिलं. सुग्रीवनं टाक्या पाहिल्या, पाणी जागच्या जागी होतं. टाळ्या पडल्या. सिंधुबाईची छाती भरून आली आणि तिनं ते लपवलं नाही. हे मी बनवलंय, असं ती तहसीलच्या दोघांना दोनदा म्हणाली.

राधाकिशननी ठराव मांडला, सुग्रीवनं अनुमोदन दिलं, आणि चेअरमननी हात वर केला. मग प्रश्न आला, कुठले चार फूट? सिंधुबाईनं टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि सुंदररावांच्या कारखान्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. तिथं काय बांधणार, राधाकिशननी विचारलं. ते बघू, ती म्हणाली, आधी शीव पडू द्या.

टेप निघाला. एक टोक सिंधुबाईच्या हातात, दुसरं कारखान्याच्या बाजूला सुंदररावांनी धरलं. ज्याच्या वडिलांच्या बांधावर तिच्या सासऱ्याची एकोणीस वर्षं गेली, तो माणूस तिच्यासाठी वाकून टेप धरून उभा होता. त्यांनी टेप ताणला, जरा थांबले, आणि आपलं टोक आपल्याच हद्दीत चार बोटं आत सरकवलं.

"घ्या एवढं जास्तीचं," ते हळूच म्हणाले. "माझ्याकडं लई हाय."

सिंधुबाईनं पेन्सिल उचलली होती, ती तशीच हवेत धरली.

"न्हाई, साहेब. चार म्हंजी चार. तुमचं तुमच्याकडं, माझं माझ्याकडं. टेप मागं घ्या."

सुंदररावांनी टेप मागं घेतला, चार फुटांच्या खुणेवर आणून घट्ट धरला, आणि तिनं रेघ ओढली.