पाणी मागून ये

घर दाखवायला नेलं की हिराबाय कधीही आधी त्या घराचं कुलूप उघडायची नाही. गिऱ्हाइकाला जिन्यातच थांबवायची आणि शेजारच्या दाराकडे बोट दाखवायची. "जा, पानी मागून ये." गिऱ्हाईक गोंधळायचं, तहान नाही म्हणायचं. मग ती पायरीवर बसकण मारायची. "नसंल तहान, तरी माग. घर काय पळून जात न्हाय."

त्या पाण्यात तिला काय दिसायचं ते मला पुढे हळूहळू कळत गेलं. तांब्या भरून लगेच आला तर घरात पाण्याचा साठा आहे. अर्धी वाटी आली तर हातचं राखून द्यावं लागतंय. "नळ गेलाय" एवढंच दाराच्या फटीतून ऐकू आलं, तर नळही तसलाच आणि शेजारही तसलाच. शिवाय पाणी पिता पिता दोन शब्द होतातच. वरच्या मजल्यावरचा माणूस पिऊन येतो, पावसाळ्यात जिना गळतो, हे घरमालक कशाला सांगेल? "घरवाला खोटा बोलंल, चुना मारून भिंत खोटी बोलंल," ती म्हणायची, "बाजूची बाई कंला खोटा बोलंल? तिला काय दलाली मिळते?"

हिराबाय भाईंदरजवळच्या गोडदेव गावची. आगरी घरातली, भातशेतीत आणि मिठागरात राबलेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिरगाव-परळच्या चाळींतून बाहेर पडलेली आमच्यासारखी माणसं भाईंदरला घर शोधत यायची, तेव्हा शर्ट-पँटमधले दलाल त्यांना स्टेशनाबाहेरच गाठायचे. ही मात्र केबिन रोडवर एका शिंप्याच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसलेली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कमरेला चाव्यांचा जुडगा, तोंडात मिश्री. लोक विचारत विचारत तिच्यापर्यंत यायचे. गोडदेवात तिच्या मालकीची एक गोड्या पाण्याची विहीर होती. अख्ख्या गावच्या बाया तिथे पाणी भरायच्या. कोणाची खोली रिकामी होणार, कोणाचा मुलगा लग्नानंतर वेगळा निघणार, कोणत्या इमारतीचा संडास तुंबतो, हे सगळं त्या रहाटाशी कळायचं. तिचं खरं ऑफिस म्हणजे ती विहीर.

विकणाऱ्यालाही ती वाऱ्यावर सोडायची नाही. महाडकडच्या एका फिटरला आपली खोली घाईने विकायची होती. बायको गावी अंथरुणाला खिळलेली. बिचारा रोज रजा टाकून दारात गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचा आणि येणारा प्रत्येक जण त्याचा चेहरा बघून भाव पाडायचा. हिराबायने त्याला दटावलं. "कुलूप घाल नि कामावर जा. गरज दारात बसवलीस तर गिऱ्हाईक तिच्याशीच बोलनार, तुझ्याशी न्हाय." ओल आलेल्या भिंतीपुढे त्याने कपाट सरकवून ठेवलं होतं, तेही तिने ओढून बाजूला केलं. येणाऱ्याला ती आधी ओल दाखवायची, मग मालकाला अजिबात घाई नाही असं सांगायची. महिन्याभरात खोली गेली आणि बऱ्या भावाने गेली. घाई नाही ही तेवढी थाप होती. ती मारताना तिचा चेहरा देवासारखा निर्मळ असायचा.

अशी ही बाई एका माणसाच्या बाबतीत मात्र डूख धरून होती. तो माणूस तिचा सख्खा धाकटा दीर, बाळाराम. ती गोष्ट ती कोणालाही, कधीही, न विचारता सांगायची. नवऱ्याचं तेरावं झालं आणि बाळारामने वाटण्या केल्या. स्टेशनकडची भाताची शेतं त्याने घेतली, घरही घेतलं. हिराबायला मूलबाळ नव्हतं. तिला कुडाची झोपडी आणि तिच्यापुढची ती विहीर दिली, कारण त्या तुकड्यात दुसरं काही पिकत नव्हतं. वैशाखातली दुपार होती. डोक्यावर बोचकं घेऊन निघताना तिला भोवळ आल्यासारखं झालं, म्हणून तिने उंबऱ्यातूनच पाणी मागितलं. बाळाराम म्हणाला, "तुझी विहीर हाय ना? तिथं जाऊन पी." आणि त्याने बायकोला दार लावायला सांगितलं. "बाजूचे सगले बघत व्हते," हिराबाय सांगायची, "एकाच्याबी घरातून तांब्या बाहेर आला न्हाय." एवढं बोलून ती थुंकायची. आजूबाजूला कोण आहे हे न बघता थुंकायची.

बाळारामचे दिवस पालटले तेही त्या शेतांमुळेच. जमिनीला भाव आला, त्याचा बाळारामशेट झाला आणि खाडीलगतच्या खाजणाच्या कडेला त्याने दोन मजली इमारत उठवली. इमारत दिसायला झकास होती. पण आवारात खणलेली विहीर खारी निघाली. ग्रामपंचायतीचा नळ दिवसाआड करंगळीएवढा यायचा. हिराबायला जणू देवच पावला. ती त्या इमारतीबद्दल एक वावगा शब्द बोलायची नाही. उलट आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक ती आधी तिथेच घेऊन जायची. मोठ्या कौतुकाने खिडक्या दाखवायची, मोकळी हवा दाखवायची आणि मग बाळारामच्याच भाडेकरणीच्या दाराकडे बोट करायची. "जा, पानी मागून ये." ती बाई बिचारी काय करणार? पिण्याचं पाणी ती लांबून डोक्यावर आणत होती. पेलाभर द्यायची आणि पदर खोचून सगळं रामायण सांगायची. गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरायचं. बाळाराम रस्त्यात तिला अडवून शिव्या द्यायचा, तेव्हा ती दोन्ही हात वर करायची. "मी काय बोलली? तुझ्याच इमारतीतल्या बाईला विचार."

आम्ही मात्र तिच्याकडे न जाता थेट बाळारामकडे गेलो होतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. यांची नोकरी छापखान्यात, आणि परळच्या एका खोलीत दोन बिऱ्हाडं. स्वतःचं दार असावं, ते आपण लावावं आणि आपण उघडावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाळारामशेटने आमचं स्वागत केलं, स्वतःच्या हाताने पिंपातलं पाणी काढून दिलं. "घ्या ताई, नारळाच्या पाण्यासारखं हाय." मी दोन पेले प्यायले. माझ्या लग्नातल्या बांगड्या मोडून आम्ही त्याच्या हातावर इसार ठेवला. आठवड्याने पडद्यांची मापं घ्यायला गेले तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "अहो, ते पिंप तो गिऱ्हाईक यायच्या दिवशी बैलगाडीने भरून आणतो." मी खाली येऊन इसार परत मागितला. बाळारामशेट दात कोरत म्हणाला, "इसार परत द्यायला मी काय येडा हाय?"

रडत रडत मी केबिन रोडला आले. कोणीतरी मला हिराबायच्या स्टुलापाशी पोचवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसली. "त्याला दिलास? मग पी आता खारा पानी." मला इतका राग आला की तिथल्या तिथे तिचं स्टूल उलटं करावंसं वाटलं. तरी मी गयावया केली, तुमच्या विहिरीवरून त्या इमारतीला पाइप टाकू द्या म्हटलं, निदान आमची खोली तरी राहण्यासारखी होईल. तिचं हसू गेलं. "माझा एक थेंबबी त्या इमारतीत पाइपानी जानार न्हाय. माझा दादला वरून येऊन बोलला तरी न्हाय." मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं. हातात काचेच्या दोनच बांगड्या होत्या. "सोन्याच्या व्हत्या कं गो?" तिने विचारलं. मी मान हलवली. "बरा. रोज कामावर आल्यासारखी इथं येऊन बस."

मी जाऊन बसायला लागले. ती रोज गिऱ्हाइकं त्या इमारतीत न्यायची आणि रोज परत आणायची. मला बरोबर न्यायची आणि वाटेत सगळ्यांना सांगायची, "हिचा इसार अडकलाय." पावसाळा तोंडावर आला तरी बाळारामच्या खोल्या काही विकल्या जाईनात. शेवटी एका संध्याकाळी, भर बाजारात, तो तिच्या स्टुलापुढे येऊन उभा राहिला. शिंप्याचं मशीन थांबलं.

"वयनी, किती दिस चालनार ह्या?" तो म्हणाला. "पाइपाचा सांग. तुला पायजे तो भाव देतो."

"पान्याचा मग बोलू," हिराबाय म्हणाली. "आधी हिचा इसार हिच्या हातात ठेव."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. पण बघ्यांसमोर त्याला माघार घेता येईना. त्याने पैसे मोजून माझ्या हातात दिले. हिराबायने मला ते पुन्हा मोजायला लावले आणि चोळीत ठेवायला लावले. मग ती सावकाश उठली, लुगडं झटकलं.

"आता बोल," बाळाराम म्हणाला. "पानी कवा सोडतेस?"

"तुझी विहीर हाय ना?" हिराबाय म्हणाली. "तिथं जाऊन पी."

बाजारात कोणी हसलं नाही. बाळारामचं तोंड उघडंच राहिलं ते मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

पुढे तिने आम्हाला घर दिलं ते तिच्या झोपडीच्या लगतचंच, गोडदेवातल्या बैठ्या चाळीतली शेवटची खोली. दाखवायला आणलं तेव्हा ती म्हणाली, "थांब हां," आणि स्वतःच्या घरात शिरून तिने दार लावून घेतलं. मी वेड्यासारखी बाहेर उभी. आतून आवाज आला, "अगो, मागतेस कं न्हाय पानी?" मी कडी वाजवली. ती अगदी अनोळखी चेहरा करून दारात आली, काठोकाठ भरलेला तांब्या आणि खाली ताटली. मी पाणी प्यायले आणि तिथेच तिच्या गळ्यात पडले. "चल, बाजूला हो," ती म्हणाली, "दलाली सोडनार न्हाय मी." तिने सोडलीही नाही.

तिच्या सुडालाही तिचे नियम होते. बाळारामच्या इमारतीतल्या बाया हंडे घेऊन विहिरीवर आल्या तर ती त्यांना अडवायची नाही. "बाईला न्हाय बोलनार न्हाय, पाइपाला न्हाय बोलते." काही दिवसांनी त्या बायांत बाळारामची बायकोही दिसू लागली, त्या दुपारी दार लावणारी. तिलाही पाणी मिळायचं, पण सगळ्यांचे हंडे भरल्यावर. तिचा नंबर आला की हिराबायला नेमकं काहीतरी काम आठवायचं, ती रहाटाचा दोर हातात धरून माझ्याशी गप्पा मारत बसायची. मी मुद्दाम गप्पा लांबवायचे.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा हिराबायने अंथरूण धरलं. पोटात काहीतरी झालं होतं, अन्न जात नव्हतं. विहिरीचं तिने आधीच बघून ठेवलं होतं. ती गावच्या देवळाला देऊन टाकली होती, पाइप टाकायचा नाही या अटीवर. शेवटच्या दिवशी घर माणसांनी भरलं. तोंडात पाणी घालायचा मान घरच्या माणसाचा, आणि घरचा म्हणजे बाळारामच. लोक काय म्हणतील म्हणून तो आला. तांब्यात तुळशीचं पान टाकून उशाशी बसला आणि त्याने पळी तिच्या ओठांना लावली. "वयनी, पानी घे."

जिला दिवसभर मान वळवता येत नव्हती, तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. त्याने पुन्हा पळी भरली, पुन्हा तेच. म्हाताऱ्या बाया कुजबुजायला लागल्या, "हिरे, घे गो, असा कोरड्या तोंडानी जाऊ नको." हिराबायने डोळे उघडले. तिने कोणाकडे पाहिलं नाही. चादरीखालून हात काढला आणि एक बोट माझ्या घराच्या भिंतीकडे धरलं. इतक्या गिऱ्हाइकांना जिन्यात उभं करून जसं ती दाखवायची, तसंच.

मी धावत घरी गेले. काठोकाठ तांब्या भरला, खाली ताटली घेतली आणि परत आले. बाळारामला म्हटलं, "सरका." तो सरकला. मी चमच्याने पाणी दिलं आणि ती प्यायली. दोन चमचे प्यायली, तिसरा बाहेर आला. मग सगळं संपलं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. जिंकल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं आणि ते मग किती तरी दिवस थांबलं नाही.

स्मशानातून माणसं परतली तेव्हा ऊन टळटळीत होतं. मी दारात उभी होते, तांब्या अजून हातातच. बाळाराम माझ्या पायरीपाशी थांबला. एकाएकी म्हातारा दिसत होता, ओठ सुकले होते. "ताई," तो म्हणाला, "वाईच पानी देता?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेले, तांब्या विसळला आणि फळीवर पालथा घातला.