सरकार पक्षातर्फे सरकारबाई

सरकारबाई युक्तिवादाला उभ्या राहिल्या की आरोपीच्या नातेवाइकांना धडकी भरायची आणि खुद्द आरोपीला मात्र थोडा धीर यायचा, असं वसईच्या आमच्या बाररूममध्ये म्हणत. ऐकायला हे विचित्रच होतं. बाई सत्र न्यायालयात सरकारी वकील होत्या आणि समोरच्या माणसाला तुरुंगात धाडणं हेच त्यांचं काम, असं सगळे धरून चालायचे. सगळे म्हणजे पोलीस, फिर्यादी, पेपरवाले आणि मीसुद्धा. बाई तसं धरत नव्हत्या.

मी बचाव पक्षाचा वकील. बाईंच्या विरुद्ध लढलेला माझा पहिला मोठा खटला नायगावच्या एका मारामारीचा होता. साक्षी संपत आल्या होत्या आणि माझा अशील बहुतेक आत जाणार, हे त्याच्या बायकोलाही कळून चुकलं होतं. तेवढ्यात बाई उठल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, ‘‘साहेब, तपासाच्या कागदांत रिक्षावाल्याचा एक जबाब आहे. तो आरोपीच्या बाजूने जातो. बचाव पक्षाला त्याची नक्कल मिळालेली दिसत नाही. आधी ती देऊ या.’’ तपास अधिकाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रिक्षावाला आला, बोलला आणि माझा माणूस सुटला. बाहेर व्हरांड्यात मी आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, ‘‘तुझ्यासाठी नाही केलं. निर्दोष माणूस आत गेला, तर तो खटला सरकार हरलं असं मी समजते.’’

त्यांचं खरं आडनाव आगाशीकडचं, वाडीवाल्यांचं. पण ते कोर्टात फारसं कोणी वापरत नसे. ‘सरकार पक्षाचं म्हणणं असं आहे’ या वाक्याने त्या प्रत्येक युक्तिवाद सुरू करायच्या, म्हणून कोणीतरी त्यांना सरकारबाई म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांना ते नाव आवडायचं, पण एका अटीवर. एकदा एका फौजदाराने ‘सरकारची इच्छा आहे की याला जामीन मिळू नये’ असं सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, ‘‘कोणत्या सरकारची? मंत्री म्हणजे सरकार नव्हे, तू नाहीस आणि मीही नाही. उमेळ्याच्या नाक्यावर भाजी विकते ना, ती बाई सरकार. तिला विचारलंस का?’’ फौजदार हसला. बाई हसल्या नाहीत.

बाईंच्या पर्समध्ये घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, असत. केळीच्या सोपात बांधलेली, आगाशीची असतात तशी. घाबरलेला साक्षीदार दिसला की त्या त्याच्या हातावर एक ठेवायच्या. ‘‘खा. घशाला कोरड पडणार नाही. आणि जे पाहिलंस तेवढंच आत सांग, एक अक्षर जास्त नको.’’ मी एकदा गमतीने म्हणालो, ‘‘बाई, साक्षीदाराला लाच देताय, मी हरकत घेईन.’’ त्यांनी लगेच व्हरांड्यात बसलेल्या माझ्या आरोपीच्या आईलाही एक सुकेळं नेऊन दिलं आणि मला म्हणाल्या, ‘‘आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. चल आत.’’

राजकारणाची बाईंना ॲलर्जी होती असं नाही. त्या पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. पण स्वतःचं मत त्या देवघरातल्या डबीतल्या लंगड्या बाळकृष्णासारखं झाकून ठेवायच्या. आगाशीच्या देवळात उत्सव असला की पुढारी त्यांना व्यासपीठावर बोलवत. त्या खाली बायकांत जाऊन बसत. निवडणूक जवळ आली आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रचार सुरू झाला की त्यांचा एक मेसेज यायचा : ‘मतमोजणी होईपर्यंत या ग्रुपमधून रजा घेते. मधे कोणाचं बारसं असेल तर फोन करून कळवावे.’ आणि त्या खरंच बाहेर पडत.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट घडली ती एका तलाठ्याच्या खटल्यावरून.

हा तलाठी सोलापूरकडचा, नोकरीसाठी इकडे आलेला. खाडीलगतच्या जमिनीवर कोणीतरी बिनपरवाना मातीचा भराव टाकत होतं. तो डंपर अडवायला गेला, तर पंधरावीस माणसांनी त्याला मारलं. त्याचा उजवा हात मोडला आणि नीट जुळलाच नाही. आरोपींत आमच्या भागातला एक वजनदार पुढारी होता. खटला उभा राहिला, बाईंकडे आला. तेवढ्यात त्या पुढाऱ्याचे लोक सत्तेत आले आणि वरून कागद आला : हा प्रकार म्हणजे राजकीय आंदोलन होतं, तेव्हा सरकारी वकिलाने खटला मागे घेण्याचा अर्ज करावा.

असा कागद येणं नवं नव्हतं. बहुतेक ठिकाणी सरकारी वकील अर्जावर सही करतो, न्यायाधीश संमती देतात आणि फाईल बंद होते. बाईंनी कागद वाचला, पुन्हा एकदा सगळे जबाब वाचले आणि सही करायला नकार दिला. पुढाऱ्याचा एक माणूस त्यांना भेटायला कोर्टात आला. मी शेजारच्या टेबलावरच होतो.

‘‘बाई, वर बोलणं झालंय,’’ तो म्हणाला.

‘‘वर म्हणजे कुठे? मी उभी असते तेव्हा माझ्या वर फक्त न्यायाधीश बसतात. त्यांच्याशी कोण बोललं?’’

‘‘तसं नाही हो. एक सही तर करायचीय.’’

‘‘सहीचा प्रश्नच नाही. कायदा म्हणतो, खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने स्वतःचं डोकं वापरून ठरवायचं. मी वापरलं. ते नाही म्हणतंय.’’

‘‘मुदत संपत आलीये तुमची, ठाऊक आहे ना?’’

‘‘आहे. संपेपर्यंत तरी डोकं माझंच आहे.’’

मुदत वाढली नाही. नेमणूक संपल्याचा कागद आला आणि त्यांच्या खुर्चीवर दुसरे वकील आले. आम्हाला वाटलं, बाई दोन दिवस तरी येणार नाहीत. दुसऱ्याच सकाळी त्या सगळ्यांच्या आधी आल्या आणि नव्या वकिलांना शेजारी बसवून एकेक फाईल समजावून दिली. ‘‘या साक्षीदाराला ऐकू कमी येतं, जवळ उभं राहून विचारा. ही मुलगी कोर्टात रडेल, तिच्या मावशीला बरोबर बोलवा.’’ तलाठ्याची फाईल आली तेव्हा म्हणाल्या, ‘‘यात माझं मत मी लिहून ठेवलंय. तुम्ही तुमचं बनवा.’’ ते दुपारपर्यंत चाललं. मग बाई आमच्यात, खासगी वकिलांच्या बाकांकडे आल्या आणि त्यांना तिथे कुठे बसावं ते कळेना. तेवढा एकच क्षण मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं.

नव्या वकिलांनी आठवड्याच्या आत खटला मागे घेण्याचा अर्ज केला. तलाठी मोडक्या हाताने बाईंकडे आला. म्हणाला, ‘‘बाई, आता तर तुम्ही मोकळ्या आहात. माझ्या बाजूनं उभ्या राहा की.’’

‘‘नाही. ज्या फाईलवर मी सरकारसाठी बसले, तिच्यावर दुसऱ्या कोणासाठी उभी राहणार नाही.’’ तो रडवेला झाला. बाईंनी बाररूममध्ये नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘याच्याकडे जा. मला जन्मभर छळलंय याने. तुझ्याकडून नीट भांडेल.’’

मी वकीलपत्र घेतलं आणि साहजिकच बाईंना विचारलं की फाईलमध्ये काय काय आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘ते सरकारचं आहे. अर्ज कर, नकला काढ.’’ मी नकला काढल्या, रात्रंदिवस वाचल्या आणि हरकत घेतली. न्यायाधीशांनी नव्या सरकारी वकिलांना एवढंच विचारलं की हा खटला मागे घेण्यात लोकांचं हित कोणतं. त्यांना सांगता आलं नाही. अर्ज फेटाळला गेला आणि खटला चालला.

शेवट सिनेमातल्यासारखा झाला नाही. ज्यांनी प्रत्यक्ष मारलं होतं त्यांना शिक्षा झाली; पुढारी पुराव्याअभावी सुटला. मी चिडून बाईंकडे गेलो. त्या आगाशीच्या वाडीत होत्या, सर सोनचाफ्याच्या झाडाला पाणी घालत होते. सर म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त शिक्षक. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘त्याच्याविरुद्ध एकच साक्षीदार होता आणि तोही डळमळीत. मी असते तरी तो सुटला असता. निकाल आपल्या मनासारखा लागला तरच न्याय, असं म्हणायचं असेल तर कोर्ट कशाला हवं?’’ मग सरांना म्हणाल्या, ‘‘अहो, याला चहा द्या. हा जिंकलाय, त्याला कळलेलं नाही.’’

काही वर्षांनी वारं फिरलं. पुढाऱ्याचे लोक सत्तेतून गेले आणि दुसरे आले. अर्नाळ्याला एका सभेत ढकलाढकली झाली, त्यात एकाच्या कोपराला खरचटलं आणि पुढाऱ्यावर थेट खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. नवे लोक बाईंकडे गेले. विशेष सरकारी वकील व्हा म्हणाले. याच माणसाने तुमची खुर्ची घालवली, आता तुमची वेळ आहे, असंही म्हणाले. बाईंनी आधी कागद मागितले. वाचून परत केले. ‘‘खरचटल्याचा खटला चालवायचा असेल तर चालवते. खुनाचा प्रयत्न यात कुठेच नाही.’’ त्या लोकांना खरचटल्याचा खटला नको होता. निवडणुकीपर्यंत तो माणूस जामिनाशिवाय आत हवा होता.

मग ते काम खुर्चीवर असलेल्या सरकारी वकिलाकडे आलं. ती होती मनीषा, अर्नाळ्याच्या कोळ्यांची मुलगी, नुकतीच नेमलेली. जामिनाच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला सरळ विचारलं, हे कलम इथे लागतं का? मनीषा म्हणाली, ‘‘नाही, साहेब. कागदांवरून लागत नाही.’’ संध्याकाळपर्यंत तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, खाली ‘विकली गेली’ असं लिहून. तिच्या घरासमोर घोषणा झाल्या. पुढच्या तारखेला तिची आई तिच्याबरोबर कोर्टात आली आणि व्हरांड्यात बसून राहिली. ‘‘माझ्या पोरीला कोनी हात लावला तं मी हितंच हाय,’’ ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

कोर्टाबाहेर गर्दी होती. मनीषा आत एकटीच उभी होती. आणि मग सरकारबाई आल्या. त्यांच्या मागून आणखी चार-पाच जण आले, सगळे म्हातारे, सगळे काळ्या कोटात. एकजण काठी टेकत होते. मी दोघांना ओळखलं. पालघर आणि ठाणे भागात निरनिराळ्या सरकारांनी नेमलेले हे जुने सरकारी वकील. त्यांच्यातले दोघे एकमेकांशी राजकारणावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. ते मनीषाच्या मागच्या बाकावर ओळीने बसले. सुनावणीभर बसून राहिले.

पुढाऱ्याला जामीन मिळून सुनावणी संपल्यावर काठीवाले पायऱ्यांवर उभे राहून पेपरवाल्यांना म्हणाले की, सरकारी वकिलाने कोर्टाला खरं सांगणं हा गुन्हा असेल, तर आम्ही सगळेच गुन्हेगार आहोत. नावं लिहून घ्या. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ‘‘म्हातारे पण विकले गेले!’’ बाई त्या बाजूला वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाळ, उद्या तुला कोणी खोट्या कलमात अडकवलं, तर याच पोरीच्या कोर्टात ये.’’ आणि मनीषाच्या आईचा हात धरून त्या रिक्षाकडे चालू लागल्या. गर्दीने वाट दिली. मनीषाला काढून दुसरा वकील नेमा, ही घोषणा देणाऱ्यांची मागणी पुढे कधीतरी थंडावली. ती अजून त्याच खुर्चीवर आहे.

त्यानंतर बाई कोर्टात फार आल्या नाहीत. हृदयाचं दुखणं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या एका चालू खटल्याबद्दल विचारलं आणि माझं उत्तर ऐकून म्हणाल्या, ‘‘तू हरणार. पण मुद्दा बरोबर आहे, सोडू नकोस.’’ मी हरलो. पुढे उच्च न्यायालयात तोच मुद्दा टिकला, पण तोवर त्या गेल्या होत्या.

आगाशीच्या स्मशानात बरीच माणसं आली होती. न्यायाधीश होते, पोलीस होते, बाईंनी शिक्षा देवविलेला एक माणूसही होता. दोन्ही पक्षांचे लोक आले होते आणि दोन वेगळ्या झाडांखाली उभे होते. तो पुढारीही आला होता. अग्नी दिल्यावर लोक पांगू लागले, तेव्हा तो सरांजवळ येऊन बसला. मग हळूच म्हणाला, ‘‘सर, आता विचारायला हरकत नाही. बाई मनातून होत्या कोणाच्या? आमच्या तर नव्हत्याच.’’

दुसऱ्या झाडाखालचा एक कार्यकर्ताही जवळ सरकला. त्यालाही ते ऐकायचं होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. ‘‘लग्न झाल्यापासून मी तेच विचारत आलो,’’ ते म्हणाले. ‘‘दर मतदानाला आम्ही दोघं बरोबर जायचो. येताना मी विचारायचो, कोणाला दिलंस गं? आणि दर वेळी ती म्हणायची, रांग फार मोठी होती हो, पाय दुखले.’’