त्याच नावाचे सगळे

वॉन शहरातल्या गोदामात मला पहिली नोकरी देणारा आयरिश म्हातारा वारला. अंत्यदर्शनासाठी त्याला ठेवलं होतं त्या फ्युनरल होमचा पत्ता शोधायला त्याचं नाव इंटरनेटवर टाकलं, तर त्या नावाचे हॉकीपटू, बिशप, माजी मंत्री निघाले. आमचा म्हातारा कुठेच नव्हता. पत्ता शेवटी ऑफिसातून मिळाला.

तिथे एका दारावर नाव दिसलं आणि मी आत गेलो. खोली गच्च भरलेली, शवपेटी बंद. मयताच्या घरी चौकशा करायच्या नसतात, हे आपलं वळण. आग लागो त्या वळणाला! तासभर मान खाली घालून बसलो. उठताना फोटो पाहिला, तर माजी मंत्री.

म्हातारा शेजारच्या खोलीत होता. भेटायला येणाऱ्यांच्या सह्यांची वही तिथला माणूस मिटत होता. ती कोरी होती.