दारात लावलेली जीप

चिंधूची जीप हिवाळ्यात एका सेल्फला सुरू झाली, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस गावात सापडायचा नाही. उन्हाळ्यात ती गुणाची. पावसाळ्यातही फार कुरकुर नाही. पण धान कापून झाले आणि तलावावर सकाळचं धुकं बसायला लागलं की बाईसाहेबांचं तोंड वाकडं. तरी तिला कुणी शिवी दिली तर चिंधूला खपायचं नाही. "तुमचे गुडघे दुखत नाही का थंडीत? मंग तिले काहून बोलता?" म्हणायचा, की झालं.

गाव बपेऱ्याच्या अलीकडचं. पहिल्या पाळीच्या मजुरांना चिखल्याच्या खाणीवर सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हे त्याचं काम. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्याच सुमाराला त्यानं ही जुनी जीप घेतली होती. जिल्हा अर्धा झाला अन् माझ्या घरी अख्खी गाडी आली, असं तेव्हा तो हसत सांगायचा. आता हसायचंही त्राण उरलं नव्हतं. पाठ धरलेली, मान आखडलेली, आणि दुपारी खाटेवर पडला की त्याच्या बायकोला, सुमनबाईला, दोनदा हलवून उठवावं लागायचं. जीपची बॅटरीही मालकासारखीच थकलेली. नवी घेऊ, नवी घेऊ, असं दर दिवाळीला निघायचं आणि राहून जायचं, कारण गाडी तशीही सुरू होत होती.

होत होती ती तलावाच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, जिवावर. रोज संध्याकाळी तो जीप पारीवर चढवायचा, उताराकडे तोंड करून लावायचा, चाकाखाली दगड आणि बॉनेटवर पोती टाकून त्यावर धानाचं तणस पसरायचा. सकाळी मजूर यायचे, दगड काढून एक धक्का मारायचे, गाडी घरंगळायची, चिंधू दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन भडभडत जागं व्हायचं. मजुरांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट धक्का मारून अंग गरम करायचं आणि मग बसायचं, अशीच रीत पडली होती.

जीप उतार उतरून गेली की पारीवर रीना यायची. रीना म्हणजे चिंधूची मुलगी. सासर सुटून माहेरी येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. कुणाच्या दारात भाकरीसाठी उभं राहायचं नाही, पोलिसात भरती व्हायचं, हे तिनं मनाशी धरलं आणि पारीवर पळायला लागली. जीप गेल्याशिवाय मात्र यायची नाही. बापाच्या गाडीत बसलेल्या माणसांसमोर पळायची तिला लाज वाटायची. त्यामुळे पोरगी पळते, चांगली पळते, हे चिंधूनं लोकांकडूनच ऐकलेलं. त्यानं स्वतः तिला पळताना एकदाही पाहिलं नव्हतं.

दोनदा भरतीत थोडक्यात राहिली. यंदाचं वर्ष वयाचं शेवटचं. पुन्हा अर्ज भरायची सोय नव्हती. जानेवारीच्या कडाक्यात भंडाऱ्याच्या मैदानावर सकाळी आठच्या आत हजर व्हायचं होतं, आठनंतर फाटक बंद. त्या वेळेत पोचवणारी एसटी गावातून नव्हती. चिंधूनं मजुरांना सांगून टाकलं, "उद्या तुमी दुसरी गाडी पाहा, मी पोरीले घेऊन जातो."

आणि आदल्या संध्याकाळी त्यानं आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट केली. जीप पारीवर लावलीच नाही. पहाटे अंधारात पोरगी पारीपर्यंत चालत येईल, गोट्यावर पाय पडेल, मुरगळला म्हणजे संपलंच सगळं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं गाडी थेट दारात आणून उभी केली. सपाट गल्लीत. सुमनबाई म्हणालीसुद्धा, "अवो, इथं लावता? सकाळी सुरू होईन का?"

"होते ना. आता तं गरम आहे," चिंधू म्हणाला. आता गरम आहे म्हणे! अरे बापा, रात्र मध्ये आहे ना! इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे कळू नये? पण पोरीचा पाय सोडून त्या दिवशी त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

पहाटे तो उठला तेव्हा थंडी अशी की तणसावर दव गोठल्यासारखं झालेलं. पोती काढली, चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट् कट्. हॉर्न दाबून पाहिला तर आजारी शेळीसारखा आवाज निघाला.

"काय झालं?" दारातून सुमनबाई.

"काई नाई. तू पाणी गरम कर."

"पाणी तं ठेवलंच आहे, रीनाच्या आंघोळीचं."

"तेच आण."

आंघोळीचं पाणी आलं. थोडं त्यानं बॅटरीच्या टोकांवर ओतलं, तिथं जमलेली पांढरीहिरवी बुरशी दगडानं खरवडली, वायर आवळली. उरलेलं रेडिएटरमध्ये गेलं. हातपंप मारून डिझेल चढवलं. चिंधी काडीला गुंडाळून डिझेलमध्ये बुडवली, पेटवली आणि हवा ओढायच्या नळीशी धरली, म्हणजे इंजिनाला थोडी ऊब मिळेल. मग चावी. इंजिन अर्धा फेरा फिरलं, कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच सगळं केलं आणि पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर कट् सुद्धा वाजलं नाही.

रीना थंड पाण्यानं आंघोळ करून, बूट घालून, पिशवी जीपच्या मागच्या सीटवर ठेवून उभी होती. ती ओरडली असती तर बरं, असं चिंधूला वाटलं.

"पारीवर असती तं..." सुमनबाईच्या तोंडून निघून गेलं.

"माईत आहे मले! सांगू नको आता!" चिंधू ओरडला आणि लगेच ओशाळला. "जाय, सेवकरामले उठव."

सेवकराम शेजारचा, खाणीतला मजूर. त्या आठवड्यात दुसरी पाळी, रात्रीच परतलेला. अंगावर घोंगडी, डोळे अर्धे मिटलेले, तरी बिचारा आला. चिंधू स्टिअरिंगवर बसला, मागून सेवकराम आणि सुमनबाई लागले. गाडी हलली. चालली. पण चालली ती तेरवीला निघालेल्या म्हातारीसारखी, रेटत रेटत. क्लच सोडला की झटका देऊन जागीच थांबायची. पारीवर रोज सहासात जण असत, शिवाय उतार. इथं एक अर्धा झोपेतला माणूस आणि एक वयस्कर बाई. चिंधू उतरला आणि दारातून एका हातानं स्टिअरिंग धरून स्वतःही खांदा लावायला लागला. दहा पावलांत त्याच्या पाठीत कळ उठली आणि तो तिथंच बॉनेटला धरून वाकला.

पूर्वेला उजाडायला लागलं होतं. भंडारा अजून दीड-दोन तासांवर.

रीनानं जॅकेट काढून सीटवर टाकलं आणि मागे गेली.

"तू हात नको लावू!" चिंधू कळवळून म्हणाला. "तुले पळायचं आहे बाई. गोळा फेकायचा आहे. तू नको!"

"पोचलीच नाई तं कायले पळू, बाबा? बसा तुमी."

तो बसला. दुसरं काय करणार? मागून रीनाचा आवाज आला, "आई, तू बाजूले हो. काका, जोर लावा!" आणि गाडी एकदम पुढे आली. खरोखर पुढे आली. गल्लीतली घरं मागे सरायला लागली. चिंधूनं श्वास रोखून क्लच सोडला. झटका, धूर, एक खोकला, दुसरा खोकला, आणि इंजिन लागलं. पण कसं, तर एका पायावर उभं असल्यासारखं. रेस जरा कमी केली की मरायला पाही. थांबायची त्याची छाती होईना. थांबलो आणि बंद पडली तर पुन्हा ढकलायला कुणाच्या अंगात बळ होतं?

त्यानं खिडकीतून मान काढून हाक मारली, "रीना! पळ! मले थांबता येत नाई!"

गल्ली संपली, रस्त्याला जायच्या वाटेनं गाडी पारीवर चढली. चिंधूनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आरशावरचं दव पुसलं, आणि त्यात रीना दिसली. पारीवरून येत होती. हात अंगाशी, मान ताठ, पाय जमिनीला टेकतात की नाही असे. धुकं तिच्या मागे राहत होतं आणि ती जवळ येत होती. सासरहून आली तेव्हा मान वर न करता भिंतीकडे तोंड करून निजणारी पोरगी ती हीच का? एवढी सुंदर पळते माझी पोर, आणि मी इतके दिवस गाडीच हाकत राहिलो, असं त्याला वाटलं. रीनानं मागचा दांडा पकडला आणि उडी मारून आत आली.

आठाला थोडा अवकाश असताना ते फाटकाशी पोचले. रीना आत धावली. चिंधूनं इंजिन बंद केलंच नाही. रस्त्याच्या कडेला गाडी चालू ठेवून तो बसून राहिला, आणि बसल्या बसल्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला.

जाग आली ती इंजिनाचा आवाज थांबला म्हणून. तो दचकला. रीनानं खिडकीतून हात घालून चावी फिरवली होती.

"काहून बंद केली वो! आता सुरू कशी होईन?"

"ऊन पडलं बाबा. होईन आता."

"पळाली?"

"पळाली. पळण्याचे पुरे मार्क आले." ती शेजारी येऊन बसली. मग तळहात पाहत म्हणाली, "गोळा जवळच पडला. हात थरथरून राहिले होते."

तळहातांवर जीपच्या मागच्या पत्र्याचा काळा गंज तसाच होता. चिंधूनं तो पाहिला. "दारात लावली मी," तो म्हणाला.

"माझ्या पायासाठीच लावली ना," रीना म्हणाली.

महिन्याभरानं यादी लागली. रीना दोन मार्कांनी राहिली. चिंधू त्या दिवशी जेवला नाही. आता पोरगी पारीवर यायची नाही, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांनी दगड काढला, धक्का मारला, जीप उतरून रस्त्याला लागली, आणि आरशात रीना दिसली. आता ती जीप जायची वाट पाहत नव्हती. सगळ्यांच्या देखत पळत होती. भरती नव्हती, काही नव्हतं, तरी पळत होती.

चिंधूनं गाडी हळू केली. मागून सेवकराम करवादला, "अवो चिंधूभाऊ, गिअर टाका ना! पाळी चुकवता का?"

"थांब ना बे," चिंधू आरशातून नजर न काढता म्हणाला. "इंजिन गरम होऊ दे."